‘पुरुषप्रधान’ म्हणजे काय, एवढेच कळवावे

भिलाई, कॅम्प, बराक नंबर सात
रविवार, ता. १३ नोव्हेंबर १९६०

तीर्थस्वरूप बाबाराव मामांच्या पायांवर दुरूनच डोके ठेवून भाचा सुखराम याचा नमस्कार.

मामींच्या गुडघ्याला आता कसे आहे? मोहाच्या तेलाने दुखणे उतरले की वाढले, ते तुमच्या मागच्या पत्रात नेमके त्याच शब्दावर शाई सांडल्यामुळे कळले नाही. म्हणून मी दोन्ही धरून चाललो आहे. सकाळी आनंद मानतो, संध्याकाळी काळजी करतो. तुमच्या शाळेची तपासणी सुरळीत पार पडली असेल अशी आशा आहे. माझी प्रकृती उत्तम आहे. (डाव्या कानात भुणभुण होते. डॉक्टर म्हणाले काही नाही. पण त्यांनी पाहिला तो उजवा कान होता. त्यांना ते सांगावे की न सांगावे, हा विचार चालू आहे.)

पत्र लिहिण्यास कारण की, मला एका शब्दाचा अर्थ हवा आहे. दुसरे काहीही कारण नाही. तुम्ही मास्तर आहात, मी नववीतून शाळा सोडलेला, आणि येथे स्टोअरमध्ये नट, बोल्ट, वॉशर यांच्या खोक्यांवर लेबले लिहिण्याचे काम करतो. माझे एकही लेबल आजवर चुकलेले नाही. पण वॉशर लिहिणाऱ्याला वॉशर म्हणजे काय ते समोर दिसत असते. या शब्दाचे तसे नाही. शब्द आहे ‘पुरुषप्रधान’. (दोन्ही उकार ऱ्हस्व. खात्री करून घेतली आहे.)

आता हा शब्द माझ्या वाट्याला कसा आला ते सांगायचे तर आधी क्वार्टरचे सांगावे लागेल. मला क्वार्टर लागले आहे. सेक्टर सहामध्ये, दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागे आंगण, आणि नळ घरातच. किल्ली मिळाली आहे. ती हरवू नये म्हणून कमरेच्या करगोट्याला बांधली आहे, त्यामुळे चालताना थोडी टोचते. दर रविवारी जाऊन मी क्वार्टर झाडून येतो आणि पुन्हा बराकीत येऊन झोपतो, कारण तेथे राहण्याला एक अट आहे. क्वार्टर कुटुंबवाल्यांसाठी आहे. एकट्या माणसाला या गावात खाट मिळते, घर मिळत नाही. तीस नोव्हेंबरला क्वार्टरवाले बाबू स्वतः येऊन कुटुंब डोळ्यांनी पाहणार. दिसले तर क्वार्टर पक्के. न दिसले तर यादीतल्या पुढच्या माणसाला. पुढचा माणूस म्हणजे गोंदियाकडचा भैयालाल, जो माझ्याच शेजारच्या खाटेवर झोपतो आणि रोज सकाळी डोळे चोळत प्रेमाने विचारतो, “का बे सुखराम, आली का वहिनी?” नाही म्हटले की तो उठून आनंदाने दात घासायला जातो. पण हे सर्व ओघाने आले. पत्राचा हेतू तो नाही.

बाबू सगळ्यांचेच कुटुंब पाहत नाहीत, काहींचे कागदावरच मान्य करतात. माझे डोळ्यांनीच पाहायचे असे का ठरले, त्याला मी आणि थोडे तुम्ही कारणीभूत आहोत. अर्ज भरायच्या दिवशी माझ्यामागे तीस-बत्तीस माणसे रांगेत होती. बाबू उत्तरेकडचे, सज्जन, पण घाईत. त्यांनी विचारले, “बीवी का नाम?” मी म्हणालो, “है.” ते म्हणाले, “है सो तो ठीक है, क्या है?” आता मामा, तुम्हीच सांगा, इतक्या लोकांत, भर दुपारी, स्वतःच्या कुटुंबाचे नाव मोठ्याने कसे घ्यावे? मी हळूच म्हणालो, “घरची मंडळी.” त्यांनी लिहायला घेतले आणि विचारले, “मंडलीबाई?” मी नाही नाही म्हणालो. कागदावर लिहून देतो म्हणालो, तर ते म्हणाले, जो माणूस बायकोचे नाव बोलू शकत नाही त्याला बायको आहे कशावरून? मागून लोक ढकलू लागले. घाम फुटला. आणि मला आयुष्यात नाव घेण्याचा एकच मार्ग माहीत होता, तो लग्नाच्या दिवशी तुम्ही कानात सांगितलेला. मी डोळे मिटले आणि म्हणून टाकले:

वैनगंगेच्या काठी धानाचं पुंजनं,
…चं नाव घेतो, ऐका सारे जनं!

(नाव तेथे घेतले. येथे लिहीत नाही.) रांगेतल्या आपल्या भंडाऱ्याकडच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. एकाने तर हुरूप येऊन न विचारता स्वतःच्या कुटुंबाचेही नाव घेतले. परंतु बाबूंनी टाक खाली ठेवला, माझ्याकडे बराच वेळ पाहिले आणि अर्जाच्या कडेला लाल पेन्सिलीने काहीतरी लिहिले. ते मी उलट्या बाजूने वाचले: ‘शादी पर शक’. त्यांचाही दोष नाही. क्वार्टरसाठी लोक कोणाची वहिनी, कोणाची मावसबहीण उभी करतात. गेल्या महिन्यात एकच बाई तीन क्वार्टरांत तीन नवऱ्यांसोबत दिसली आणि तिन्ही ठिकाणी तिने बाबूंना चहा दिला. तेव्हापासून ते चहा घेत नाहीत. तर तपासणीच्या दिवशी बाबू आमच्या कुटुंबाला नवऱ्याचे नाव विचारणार. तुम्हाला ठाऊकच आहे, लग्नाला तीन वर्षे झाली, तिने माझे नाव एकदाही तोंडातून काढलेले नाही. आमच्या गावात सुखराम नावाचा एक लोहार आहे, त्यालाही ती “ते फाळवाले” म्हणते. म्हणजे ती आली तरी कठीण आणि न आली तरी कठीण. पण आधी ती यायला हवी.

तुम्ही म्हणाल, मग घरी सरळ लिही. मामा, सरळ कसे लिहावे? गुलाबदादाने पाच वर्षांपूर्वी नागपूरहून ‘बायको पाठवा’ असे सरळ लिहिले होते. त्याला गावात अजून ‘पाठवा’ म्हणतात, आणि त्याच्या मुलाला ‘पाठवाचा’. शिवाय बाबांना मनातल्या मनात वाचता येत नाही. आलेले कार्ड ते ओसरीवर बसून मोठ्याने वाचतात आणि येणारेजाणारे थांबून ऐकतात. म्हणून मी सूचक लिहिले. पहिल्या कार्डात लिहिले, ‘क्वार्टर लागले. चूल मांडायला जागा फार उत्तम. नळ घरातच आहे.’ बाबांचे उत्तर आले, ‘वाचून आनंद झाला. चुलीजवळ रॉकेल ठेवू नये. नळ नीट बंद करीत जावा.’ दुसऱ्या कार्डात मी थोडे पुढे गेलो. ‘चूल थंडच असते. भिंतीला खुंट्या सहा आहेत, माझे सदरे दोन.’ उत्तर आले, ‘खुंट्या रिकाम्या राहिल्या तरी मोडत नाहीत.’ तिसऱ्या कार्डात मी लाज सोडली. ‘येथे कुटुंब असेल त्यालाच क्वार्टर ठेवता येते, ता. ३० पर्यंत, असा नियम आहे. (नियम माझा नाही.)’ त्याचे उत्तर कालच आले. ‘नियम पाळीत जावा. धानाची कापणी सुरू आहे. सर्व खुशाल.’

आता शब्दाकडे येतो. आमचे मराठी मंडळ दर महिन्याला एक व्याख्यान ठेवते. मंडळाच्या फळ्यावर सूचना लिहिण्याचे काम माझ्याकडे आहे, कारण माझे अक्षर दुरून वाचता येते. या वेळी व्याख्यान होते कमलिनीबाईंचे. त्या आमचे अध्यक्ष इंजिनियर शामसुंदरराव यांच्या पत्नी, नागपुरात बी.ए. झालेल्या. विषय होता ‘आपला पुरुषप्रधान समाज’. मी फळ्यावर लिहिले आणि दोन पावले मागे सरून पाहतो तो भैयालालने विचारले, “पुरुषप्रधान म्हंजे का रे?” ज्याने लिहिले त्याला अर्थ माहीत नाही असे कसे चालेल? मी विचार केला. पुरुष म्हणजे पुरुष. प्रधान म्हणजे मुख्य, जास्त. मी सांगितले, “ज्या समाजात पुरुषच पुरुष असतात, तो.” भैयालालने बराकीकडे पाहिले, दोरीवर वाळणाऱ्या अकरा पायजम्यांकडे पाहिले आणि म्हणाला, “मंग हे तं आपलंच गाव हाय!” आणखी चारपाच जणांनी तेच विचारले, तेव्हा सगळ्यांची सोय व्हावी म्हणून मी फळ्यावर कंसात अर्थ लिहून टाकला: (म्हणजे जेथे पुरुष फार आणि कुटुंबे गावी आहेत असा समाज). कंस व्यवस्थित मिटवला.

मामा, आमच्या व्याख्यानांना साधारण सात माणसे येतात, आणि मागच्या खेपेला त्यातले दोघे पंखा दुरुस्त करायला आलेले होते. या वेळी ऐंशीच्या वर आले. बाकांवर जागा उरली नाही, लोक खिडक्यांत बसले. कॅम्पात अशी बातमी पसरली होती की, आपल्या कुटुंबांना लवकर बोलावून घेण्याबद्दल एक बाई भाषण करणार आहेत. काही जण तर गावच्या पत्त्यासह अर्ज लिहून घेऊन आले होते. कमलिनीबाई आत आल्या आणि गर्दी पाहून त्यांचे डोळे भरून आले. मग त्यांनी फळा वाचला. डोळे कोरडे झाले. “हे कंसातलं कुणी लिहिलं?” असे त्यांनी विचारले तेव्हा मी टेबलाखाली पडलेला खडू शोधत होतो, आणि तो बराच वेळ सापडला नाही.

त्या रागावल्या नाहीत, हे सांगितले पाहिजे. त्यांनी अर्थ नीट समजावला. पुरुषप्रधान समाज म्हणजे पुरुष संख्येने जास्त असलेला नव्हे. पुरुष एकच असला तरी जेथे शब्द त्याचा चालतो, घर त्याच्या नावाचे, जमीन त्याच्या नावाची, मूल त्याच्या नावाचे, आणि बाईने कोठे राहावे, काय करावे हे तिला न विचारता ठरते, तो. त्या म्हणाल्या, तुमच्या कारखान्याच्या बांधकामावरच पाहा. दिवसभर विटांची टोपली रेजाच्या, म्हणजे मजूर बाईच्या, डोक्यावर, आणि संध्याकाळी ठेकेदाराच्या वहीत अंगठा तिच्या नवऱ्याचा. मी स्वतः तो अंगठा रोज पाहतो. आजपर्यंत मला वाटत होते की बाईचे हात मातीने भरलेले असतात म्हणून ती सोय केली आहे.

मग भैयालाल उठला. (अर्ज घेऊन आलेल्यांत तोही होता.) तो म्हणाला, “बाई, तुमी बरोबर सांगून राहिल्या असान. पन हे जे पुरुष घरातलं सारं ठरवतेत, ते राहतेत कोठं? मले एकदा भेटवा. दोन वर्सं झाले, माह्या घरचं मले कोनी पुसतच नाही!” ऐंशी माणसे हसली. कमलिनीबाईही हसल्या आणि म्हणाल्या, “बरं, हात वर करा. बायको भिलाईला आणायची की नाही, हे तुमच्यापैकी किती जणांनी स्वतः ठरवलं?” एकही हात वर झाला नाही. एक झाला होता, पण त्याला पाणी हवे होते. “मग ठरवतं कोण?” त्यावर सगळे एकदम बोलू लागले. कोणी म्हणाला माय, कोणी म्हणाला बाप, कोणी थोरला भाऊ. मरोद्याच्या वस्तीतून आलेल्या एकाने सांगितले, “आमच्या घरी म्हशीवर हाय. ते व्याली का बायको मोकळी होते.” सभेचा वृत्तांत लिहिणे माझ्याकडेच असते. मी लिहिले आहे: ‘प्रश्न: पुरुष ठरवीत नाहीत, तर समाज पुरुषप्रधान कसा? उत्तर: वेळ संपली.’ यानंतर शामसुंदररावांनी आभार मानले. किती वेळ बोलू, हे त्यांनी आधी कमलिनीबाईंना विचारून घेतले.

तेव्हापासून मी त्या शब्दाचा अभ्यास करतो आहे. तुम्ही शाळेत ‘अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा’ असे देत होता, तसे करून पाहिले. ‘आमचे घर पुरुषप्रधान आहे’ असे लिहिले, आणि बाबा आईला न विचारता शेतात कोणते धान लावतात ते आठवून पाहिले. काही आठवेना, म्हणून खोडले. ‘आमचे घर पुरुषप्रधान नाही’ असे लिहिले. मग आमच्या लग्नात काय झाले ते आठवले. मी होतो, तुम्ही होता, बाबा होते, तिचे वडील होते, चुलते होते. सुपारी फुटली, तारीख ठरली, आणि ती आत पाणी भरत होती. तेही खोडले. आमच्या खानावळीवरून वाक्य करून पाहावे म्हटले, तर तेथे आणखी गोंधळ. खानावळ कॅम्पाजवळ मरोद्याला तुळसाबाईंची आहे. चाळीस धडधाकट पुरुष तेथे मान खाली घालून जेवतात. ताटात कोणी वांगे टाकले तर दुसऱ्या दिवशी त्याच्या ताटात तेच वांगे पहिले येते. क्रेन चालवणारे, भट्टीसमोर उभे राहणारे लोक, पण तुळसाबाईंनी उलथने हातात घेतले की दुसऱ्यांदा भाजी मागत नाहीत.

सभेच्या दिवशी संध्याकाळी आम्ही तेथे जेवत होतो आणि व्याख्यानाचीच चर्चा चालली होती. भैयालाल म्हणत होता, मायला पुन्हा एकदा पुसतो. दुसरा म्हणाला, मी बापाला कार्ड टाकतो. मीही माझ्या तीन कार्डांची हकीकत सांगितली आणि चौथ्यात काय सुचवावे असा सल्ला विचारला. तुळसाबाई तव्यावरची पोळी उलटत होत्या. मागे न पाहताच म्हणाल्या, “माय पुसता, बाप पुसता, म्हैस पुसता. आन तिले पुसलं का कोनं? तिले यायचं हाय का नाही?”

मामा, चाळीस जणांचे चावणे थांबले. (मी मोजले नाही, पण आवाज बंद झाला.) “आता का झालं? जेवा ना बावा!” असे त्या म्हणाल्या, तेव्हा पुन्हा सुरू झाले. माझे मात्र झाले नाही. मी घास हातात धरून बसलो. चूल लिहिली, नळ लिहिला, खुंट्या मोजून लिहिल्या. तिला येथे येणे आवडेल काय, हे मला माहीतच नाही. येथे झाडे अजून गुडघ्याएवढी आहेत. पहाटे भोंगा वाजतो. वारा सुटला की लाल धूळ भाकरीवर बसते. गावी तिच्या आवडीची एक चिंच आहे असे मला वाटते, पण ती तिला आवडते की फक्त तिच्या खाली भांडी घासावी लागतात म्हणून ती तेथे असते, तेही मला माहीत नाही. तिच्याबद्दल मला एकच गोष्ट नक्की ठाऊक आहे, ती म्हणजे तिला वांगे आवडत नाही. ते लग्नानंतर तिसऱ्या दिवशी कळले. त्यानंतर मी काही विचारले नाही.

आणि आता विचारू म्हटले तरी मार्ग नाही. ती चौथी शिकली आहे, वाचते. पण तिच्या नावाने कार्ड गेले तरी ते ओसरीवरच वाचले जाणार. असो. तरी कृपा करून ‘पुरुषप्रधान’ या शब्दाचा अर्थ, उपयोग, आणि जमल्यास एक नमुना वाक्य उलट टपाली कळवावे. मला मंडळाचा फळा दुरुस्त करायचा आहे. कंस अजून तसाच आहे. मामींना नमस्कार, लहानांना पोटभर आशीर्वाद, आणि तुमच्या म्हशीला (व्याली असल्यास) शुभेच्छा.

तुमचा लेबलवाला भाचा,
सुखराम चिंधूजी काटेखाये

ता. क. १: आमच्या गावची मंडईची जत्रा या महिन्याच्या वीस तारखेला आहे असे ऐकतो. मामी दरवर्षी मंडईला जातात. (गुडघा उतरला असे येथे मी धरले आहे.) गर्दीत सगळे नाच पाहत असतील तेव्हा मामींनी आमच्या कुटुंबाला जरा बाजूला घेऊन एवढेच विचारावे, भिलाईला यावेसे वाटते काय? हो म्हणाली तर ते आईला अशा रीतीने सांगावे की कल्पना आईचीच आहे असे आईला वाटेल, आणि मग आईने बाबांना अशा रीतीने सांगावे की निर्णय बाबांचाच आहे असे बाबांना वाटेल. नाही म्हणाली तर तसे मला कळवावे. मी किल्ली भैयालालला देईन, वाईट वाटून घेणार नाही. (थोडे वाटेल.) गप्प राहिली, तर गप्प कशी राहिली ते सविस्तर कळवावे.

ता. क. २: वरची ता. क. कोणाला वाचून दाखवू नये. फाडून टाकावी असे लिहिणार होतो, पण पानाच्या मागे शब्दाचा अर्थ विचारला आहे.

ता. क. ३ (गुरुवार, ता. १७): पत्र टाकले नाही. पहिल्या प्रतीत चार खाडाखोडी होत्या म्हणून कोरे करून लिहीत होतो, त्यात चार दिवस गेले. आज दुपारी मी बेअरिंगच्या खोक्यावर लेबल चिकटवत असताना भैयालाल धावत स्टोअरात आला आणि म्हणाला, “अबे सुखराम, तुहा बाप आला! डोक्शावर पेटी हाय.” मी विचारले, एकटेच? तो म्हणाला, “मांगं वहिनी हाय ना. पेटीची किल्ली तिच्यापाशी हाय.” एवढे सांगून तो खाली बसला. बिचाऱ्याचे क्वार्टर गेले होते. पण पेटी शेवटी त्यानेच क्वार्टरपर्यंत पोचवली.

झाले ते असे. तिसरे कार्ड बाबांनी ओसरीवर वाचले आणि ‘नियम पाळीत जावा’ असे उत्तर टाकून परत आले, तेव्हा आई कापलेले धान रचलेल्या पुंजण्यावरून उतरून आली आणि म्हणाली, “तीन कार्डं झाले, पोरगा चूल चूल करून राहिला, अन् तुमाले समजत कावून नाही?” मग कापणी उरकताच निघाले. बाबांचे म्हणणे वेगळे आहे. क्वार्टरात येताच त्यांनी आधी नळ बंद आहे की नाही ते पाहिले, आणि बसल्यावर मला म्हणाले, “म्याच ठरवलं. म्हटलं, कापनी सरली, आता पाठवून देतो. घरात ठरवनारा मी हाय का नाही?” शेवटचे वाक्य त्यांनी सुनेकडे पाहून म्हटले. ती पदराआडून म्हणाली, “हाव जी.” बाबांचे समाधान झाले आणि त्यांना झोप लागली.

मग तिने पेटी उघडली. वरच सहा कापडी पिशव्या होत्या, एकेका खुंटीसाठी एकेक. दुसरे कार्ड वाचले गेले त्याच दिवशी शिवायला घेतल्या होत्या म्हणे. मी भिंतीकडे पाहत विचारले, “तुले यायचं होतं का?” (विचारले, मामा. उशिरा, पण विचारले.) ती पिशव्या अडकवता अडकवता म्हणाली, “तुमी पुसान म्हनून वाट पाहून राहिली होती. मंग म्हटलं, या मानसाले पुसता नाही येत. आपनच पेटी भरा.”

तरी मामींनी मंडईत काही विचारू नये. विचारायचेच तर गुडघ्याचे औषध विचारावे.

ता. क. ४ (बुधवार, ता. ३०): पाकीट पेटीखाली गेले होते, आज सापडले. आज बाबू येऊन गेले. सोबत माझा अर्ज, लाल पेन्सिलीसकट. मी रात्रंदिवस एकाच काळजीत होतो, की ती माझे नाव घेणार नाही. तिला चार दिवस समजावले. काल तर म्हणालो, उखाण्यात घे, मी लिहून देतो. ती भांडी घासायला निघून गेली. बाबूंनी दारातूनच विचारले, “आदमी का नाम?” ती पदर सावरून उभी राहिली आणि असे खणखणीत म्हणाली की समोरच्या तीन क्वार्टरांची दारे उघडली: “सुखराम चिंधूजी काटेखाये! स्टोअर में लेबल लिखते हैं. और कुछ पूछना है?” बाबूंना और कुछ पूछना नव्हते. त्यांनी सही केली, चहासुद्धा घेतला. जाताना हसून मला म्हणाले, “और इनका नाम?” मी डोळे मिटणार तोच ती मागून म्हणाली, “आता पुंजनं नोका आनू मधात. सरळ सांगा.”

सांगितले, मामा. चहाच्या कपाकडे पाहून सांगितले, पण सांगितले.

बाबू गेल्यावर तिने विचारले, हे एवढे जाड पाकीट कोणाचे? मी शब्द दाखवला, अर्थ विचारला आहे म्हणालो. तिने पाने मोजली आणि म्हणाली, “याचा अर्थ पुसायले पाच पानं लागले तुमाले? आमाले तं बिना शाळेचा पाठ हाय.” तरी तुमच्याकडून नमुना वाक्य येऊ द्यावे, फळ्यावरचा कंस मी अजून पुसलेला नाही, तोवर लोक त्याचाच उपयोग करीत आहेत.

शेवटचे. दारावर लावायला मी एक पाटी रंगवली होती, सुंदर वळणदार अक्षरात, ‘सुखराम चिंधूजी काटेखाये’, संपूर्ण फळी भरून. तिने ती पाहिली आणि विचारले, “माह्यं कोठं हाय?” मी म्हणालो, खाली दोन बोटे जागा आहे, बारीक अक्षरात बसवतो. तिने पाटी माझ्या हातातून घेतली, उलटी केली, कोरी बाजू वर करून माझ्यासमोर ठेवली आणि रंगाची डबी सरकवली. आता भागीरथा हे नाव मोठ्या अक्षरात किती जागा घेते ते मोजायचे आहे, म्हणून येथेच थांबतो.